नऊशे चार नंबरचं पिल्लू

पिल्लाच्या मागच्या उजव्या पायाला, आतल्या बाजूनं, एक जास्तीचं नख होतं. लांबी जेमतेम चार मिलिमीटर. ते हाडाला जोडलेलं नव्हतं, नुसतं कातडीला लोंबत होतं. बोटानं ढकललं की कुठल्याही दिशेला वळायचं. डाव्या पायाला तसलं काही नव्हतं. तिथली कातडी साफ होती, म्हणजे पूर्वी असून गळून पडलं असंही म्हणता येत नव्हतं.

"वहिनी, लिहा," गव्हाणे म्हणाले. "मागचं नख, एकाच पायाला."

मी लिहिलं. माझं अक्षर बरं म्हणून लिहिण्याचं काम नेहमी माझ्याकडे यायचं.

दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतला रविवार होता. सोलापूरच्या बाजूला एका ज्वारी संशोधन केंद्राच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. माझा नवरा अरविंद ज्वारीचा पैदासकार, म्हणजे दोन वाणांचा संकर करून तिसरा वाण तयार करणारा. गव्हाणे त्याच्याच विभागातले, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठे. मी शेजारच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत होते. पोत्यातल्या नमुन्यातून चारशे दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदात ठेवायचे आणि दहाव्या दिवशी किती उगवले ते सांगायचं. माझं वय अडतीस. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तेव्हा मी अरविंदला 'अहो' म्हणायचे. आता लिहिताना एकेरीच येतं.

व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. त्यावर पिल्लू उभं होतं आणि अरविंद प्रयोगशाळेतून आणलेल्या व्हर्निअरनं त्याचं नाकाड मोजत होता.

"मादी गावठी, हे तर सगळ्यांनी पाहिलेलंच आहे," तो म्हणाला. "प्रश्न बापाचा."

"प्रश्न बापाचाच असतो, तडवळकर," गव्हाणे म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. "आईला कुणाला नाकारता आलंय?"

सासूबाई खुर्चीत बसून हरभरा सोलत होत्या. त्याही हसल्या.

पिल्लाची आई केंद्राच्या फाटकापाशी दोन वर्षं राहत होती. जानेवारीअखेर ती ट्रकखाली गेली. पंपाच्या खोलीमागे तिची तीन पिल्लं सापडली. त्यांतली दोन पिल्लं चार दिवसांत मेली. तिसरं अरविंदनं पिशवीतून घरी आणलं आणि माझ्या हातात दिलं. "घे," तो हसत म्हणाला. "तुला काहीतरी सांभाळायचंच आहे ना? आधी हे सांभाळून दाखव."

त्यानं ते थट्टेत म्हटलं होतं. मीही थट्टा म्हणूनच घेतलं आणि दूध कोमट करायला आत गेले.

केंद्रात एक जुनी पद्धत होती. एखाद्या प्लॉटमध्ये ओळीत न बसणारं झाड दिसलं, ताटाचा रंग वेगळा, कणसाचा घाट वेगळा, की ते उपटायच्या आधी सगळे भोवती जमायचे. कणसाला बांधायची पुठ्ठ्याची लेबलं असतात, दोरा ओवलेली. प्रत्येकानं आपापल्या लेबलावर त्या झाडाचे आईबाप ओळखून लिहायचे. आधी आई, मग गुणिलेची फुली, मग बाप. लेबलं झाडालाच बांधायची. पुढे नोंदी तपासून खरं काय ते निघायचं आणि ज्याचं बरोबर येईल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. उन्हात दिवसभर कणसं हाताळणाऱ्या माणसांची ती करमणूक होती. पिल्लू घरी आल्याचं कळल्यावर गव्हाण्यांनीच ठरवलं, याचीही लेबलं करायची.

फक्त दिवस त्यांनी तोच निवडला.

त्या दिवशी बारा वाजता ढोबळे मॅडम येणार होत्या. जिल्ह्याच्या गावी अनाथ मुलांची एक संस्था होती, तिथल्या त्या समाजसेविका. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथे दत्तक मुलासाठी अर्ज केला होता. पहिल्या अर्जावर अरविंदनं माझ्याबरोबर सही केली. शेवटच्या संमतिपत्रावर मात्र माझी एकटीचीच होती. विचारलं की तो म्हणायचा, "नाही कुठे म्हणतोय? विचार करतोय." मग म्हणायचा, "हा हंगाम जाऊ दे." मग, "आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊ दे." मॅडम आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. आठवड्यापूर्वी त्यांनी मला प्रयोगशाळेत फोन केला.

"हेमलताताई, ही शेवटची भेट," त्या म्हणाल्या. "एक मुलगी आहे, पाच महिन्यांची. मिस्टरांची सही झाली तर समितीपुढे तुमचं नाव ठेवते. नाही झाली तर फाइल बंद करावी लागेल मला. रांग मोठी आहे हो."

फोन ठेवल्यावर मी त्या दिवसाचे दाणे दोनदा मोजले. एकदा चारशे भरले, एकदा तीनशे अठ्ठ्याण्णव.

रविवारी सकाळी लेबलांचं कळलं तेव्हा मी अरविंदला म्हटलं, "अहो, आज नको ना हे."

"अगं, उलट बरंच," तो म्हणाला. "घर हसतंखेळतं दिसेल बाईंना."

त्याला तसं खरंच वाटत होतं.

"छाती बघा," गव्हाणे सांगत होते. "खोल आहे. पोट आत ओढलेलं. पाय लांब. हा कारवानीचा आहे. पैजेवर सांगतो." कारवानी म्हणजे आमच्या भागातलं शिकारी कुत्रं, सडपातळ आणि पळायला तेज. गव्हाण्यांनी लेबलावर लिहिलं: गावठी × कारवानी.

"कारवानीचे कान असे असतात होय?" अरविंद म्हणाला. "हे उभे राहणार. मुळाशी कूर्चा जाड आहे, हात लावून बघा. पाठीवर काळा पट्टा. साखर कारखान्याच्या चेअरमनकडे अल्सेशियन आहे. संध्याकाळी त्याला फिरवायला आणतात आपल्या फाटकापर्यंत."

"चेअरमनचा कुत्रा आपल्या फाटकाशी? सहकार म्हणतात तो हाच."

"आणि नख?"

"नख काय, चुकून पण येतं."

"गव्हाणे, चुकून काही येत नाही. कुठूनतरी येतं."

अरविंदनं लिहिलं: गावठी × अल्सेशियन.

"आई, तुमचं काय?" गव्हाण्यांनी विचारलं.

"माझं कसलं लेबल आलंय?" सासूबाई म्हणाल्या. "गावठी ते गावठी. कितीही दूध पाजा. मोठं झालं की उकिरड्यावरच जाणार."

"गावठी गुणिले गावठी," गव्हाण्यांनी त्यांच्या वतीनं लिहून टाकलं. "वहिनी, तुमचं राहिलं."

मी लेबल घेतलं आणि लिहिलं: माहिती अपुरी.

"हे बघा, रविवारीसुद्धा लॅबचा रिपोर्ट!" गव्हाणे ओरडले.

"चौदा वर्षं मी हेच ऐकतोय," अरविंद म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

(तो कुत्रा पुढे तेरा वर्षं जगला, माझ्याजवळच. त्याचा एक कान उभा राहिला, एक पडलेलाच राहिला. कुणाचं लेबल बरोबर होतं ते कधीच कळलं नाही.)

मग गव्हाण्यांनी त्याचे दात बघायचे म्हणून एका हातानं जबडा धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला मानेच्या कातडीवर उचललं. पिल्लू आधी कुंईकुंई करत होतं. मग त्यानं गव्हाण्यांच्या अंगठ्याला चावा घेतला. रक्त आलं नाही. दोन पांढरे ठिपके उठले आणि गेले.

"अरे वा, तेज आहे!"

"तेज नाही, जात आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "कुठलं कुठलं रक्त, ते असंच वर येतं."

"त्याला लोंबतं धरलं म्हणून चावलं ते," मी म्हणाले.

"तसं नाही, हेमा," अरविंद म्हणाला. तो चिडलेला नव्हता. विद्यार्थ्याला समजवावं तसं समजावत होता. "रंग उतरतो, उंची उतरते, आणि स्वभाव तेवढा उतरत नाही, असं कसं म्हणता येईल? दिसायला वेळ लागतो, एवढंच."

मी पिल्लाला गव्हाण्यांच्या हातून घेऊन खाली ठेवलं. ते माझ्या साडीच्या निऱ्यांत शिरलं.

फाटक वाजलं. ढोबळे मॅडम तासभर आधीच आल्या होत्या. बुटक्या, हसऱ्या, खांद्याला जड पिशवी. आधीची एस.टी. मिळाली म्हणाल्या. त्यांनी सतरंजी पाहिली, व्हर्निअर पाहिला, पिल्लाच्या गळ्यात गव्हाण्यांनी बांधलेली चार लेबलं पाहिली.

"हे काय चाललंय?"

"पितृत्वाचा खटला चाललाय, मॅडम," गव्हाणे म्हणाले. "या, तुम्हीही साक्ष द्या. हा कुणाचा?"

"मला नाही बाई कळत त्यातलं." त्या खाली वाकल्या. "नाव काय ठेवलं याचं?"

नऊ दिवस पिल्लू आमच्या घरात होतं.

"सध्या नऊशे चार," अरविंद म्हणाला. "आमच्याकडे वाण पक्का होईपर्यंत नाव देत नाहीत. नंबरच असतो. गेल्या हंगामात नऊशे तीनपर्यंत आलो होतो आम्ही."

"कसलं आहे तेच कळलं नाही, तर नाव काय ठेवायचं?" सासूबाई म्हणाल्या.

मॅडम हसल्या. "नऊशे चार, ये इकडे," त्या म्हणाल्या. पिल्लू गेलं नाही.

मी त्याला आदल्या मंगळवारपासून एका नावानं हाक मारत होते, पण घरात कुणी नसताना. ते मी सांगितलं नाही.

चहा झाला. मॅडमनी फाइल उघडली. तपकिरी पुठ्ठा, कोपऱ्यावर माझ्या अक्षरात आमची नावं. गव्हाणे उठायला लागले तर अरविंदनं त्यांना बसवलं. "तुम्ही घरचेच आहात." मला ते उठून गेलेले हवे होते. मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"तडवळकर सर, मी आज आडपडदा न ठेवता विचारणार," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. मुलीच्या वयाला प्रत्येक महिना महत्त्वाचा असतो. तुमची संमती आहे का?"

अरविंदनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. तो काय म्हणणार ते मला माहीत होतं. "विचार करतोय" म्हणताना तो आधी चष्मा पुसायचा.

"आहे," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"आहे, मॅडम. हेमाला फार वाट पाहायला लावली मी. या नऊ दिवसांत बघतोय ना, त्या पिल्लासाठी रात्री दोनदा उठते. तिला हवंय तर होऊ दे. कुठे करायची सही?"

माझ्या हातातली रिकामी कपबशी मी खाली ठेवली. ती नीट ठेवली गेली, आवाज झाला नाही, हे मला आठवतं.

"अरे, पेढे आणा!" गव्हाणे म्हणाले. सासूबाईंनी हरभऱ्याचं सूप मांडीवरून बाजूला ठेवलं.

"आई, तुमची काही हरकत?" मॅडमनी विचारलं.

"माझी कसली हरकत? मी पिकलं पान. पण बाई, ती कुठून आली ते तरी सांगाल की नाही?"

"आमच्या दारातल्या पाळण्यात ठेवलेली होती, आई. त्याच्यापलीकडे आम्हालाही माहीत नसतं."

"म्हणजे आईचाही पत्ता नाही?"

"नाही."

"कुत्र्याची आई तरी पाहिली होती आम्ही," सासूबाई म्हणाल्या. कुचकेपणानं नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवून हिशेब करावा तशा.

"आई, असं नसतं बोलायचं," अरविंद म्हणाला आणि मॅडमकडे सरकून बसला. इतक्या वर्षांत त्याला या विषयात इतका रस घेताना मी पाहिलं नव्हतं. "वजन किती आहे तिचं आता?"

"साडेपाच किलो. तब्येत छान आहे."

"उंची? डोक्याचा घेर?"

"वैद्यकीय कागद आहेत ना, दाखवते."

"कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली? केस सरळ की कुरळे? तळहातावर बघितलंय कधी, एकच रेघ आडवी आहे का?"

मॅडम कागद शोधत होत्या, त्यांचा हात थांबला. "का हो, सर?"

"सहज. सवय आहे आमची." तो हसला. त्याचा चेहरा उजळला होता. शेतात अनोळखी कणीस हातात आल्यावर उजळायचा तसा. "एवढ्यावरून खूप कळतं, मॅडम. कुठल्या भागातली, कुठल्या लोकांतली. निदान अंदाज येतो."

"मग काय, मुलगी आली की पुन्हा बैठक!" गव्हाणे म्हणाले. "लेबलं आहेत अजून माझ्याकडे."

अरविंद हसला. सासूबाई हसल्या. मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. अशी घरं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि संमतिपत्र काढून अरविंदपुढे ठेवलं.

त्यानं पेनाचं टोपण काढलं. सही करायच्या आधी तो प्रत्येक कागद वाचायचा, तसा हाही वाचला. दुसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे संगोपनाचे सहा महिने म्हणजे काय?"

"कोर्टाचा आदेश येईपर्यंत बाळ तुमच्याकडे संगोपनासाठी असतं. आदेश झाला की कायमचं तुमचं."

"आणि या सहा महिन्यांत आमच्या लक्षात आलं की जमत नाहीये, तर?"

"तर..." मॅडम म्हणाल्या. "क्वचित होतं तसं. तर बाळ संस्थेकडे परत घेतो आम्ही."

"म्हणजे तशी सोय आहे."

"आहे."

"मग हरकत नाही," अरविंद म्हणाला. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या मायेनं त्यानं माझ्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "हेमा, तुझ्याच भाषेत सांगायचं तर शेतावरची चाचणी. काय?"

शेतावरची चाचणी माझ्याच हाताखाली व्हायची. बी शुद्ध आहे का ते दाण्यावरून ओळखता येत नाही. म्हणून नमुना पेरायचा, वाढू द्यायचा, फुलावर आला की ओळीतून चालत जायचं आणि वेगळं दिसेल ते झाड मोजून उपटायचं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा एक जरी जास्त निघालं, तरी सगळा लॉट नापास. चौदा वर्षांत मी किती झाडं उपटली असतील त्याची नोंद प्रयोगशाळेत होती. मी कधी चूक केली नव्हती. अरविंदला माझ्या कामाचा अभिमान होता, आणि तो अभिमानानंच बोलला.

पाच महिन्यांच्या मुलीला सहाव्या महिन्यात दात येतील, ती चावेल. वर्षाची झाली की हट्ट करेल. तिसरीत गणित चुकेल, पंधराव्या वर्षी दार आपटून खोलीत जाईल. प्रत्येक वेळी या व्हरांड्यात कुणीतरी मान हलवेल आणि म्हणेल, दिसायला वेळ लागतो. ते ओरडून बोलणार नाहीत. तिला चांगल्या शाळेत घालतील, तिच्या वाढदिवसाला केक आणतील. आणि मी आत दूध कोमट करत असेन.

हे मला त्या रविवारी कळलं असं नाही. पहिल्या वर्षीच दिसलं होतं. अर्जाच्या दिवशी परतताना एस.टी.त अरविंद म्हणाला होता, "फोटो बघून निवडता येत असेल ना?" मी खिडकीबाहेर पाहिलं होतं. दिसलेली गोष्ट मी नोंदवली नाही. माझ्या कामात त्याला गुन्हा म्हणतात. मला मूल हवं होतं, म्हणून मी तीन वर्षं त्याच्या सहीची वाट पाहत राहिले, आणि सही होत नाही म्हणून त्याच्यावर रागावत राहिले. ते सोपं होतं. सही होत नव्हती तोवर मला काही ठरवावं लागत नव्हतं.

पेनाचं टोक कागदाला लागलं होतं.

"थांबा," मी म्हणाले.

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता, पण गव्हाण्यांचा बिस्किटाचा हात मध्येच राहिला.

"काय झालं?" अरविंद म्हणाला. "अगं, सही करतोय मी."

"करू नका. मॅडम, तो कागद परत घ्या."

ढोबळे मॅडमनी कागदावर हात ठेवला, पण उचलला नाही. "हेमलताताई, फाइल बंद झाली की पुन्हा पहिल्यापासून. तुमचं वय बघता पुन्हा नंबर लागेल असं मला सांगता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"वेड लागलंय का हिला?" सासूबाई म्हणाल्या. "तीन वर्षं डोकं खाल्लं आणि आता पोरगा हो म्हणतोय तर..."

"हेमा, मी हो म्हटलंय," अरविंद म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता. "तुला हवं तेच करतोय ना मी?"

मॅडमनी फाइलच्या पहिल्या पानावरच्या रिकाम्या चौकटीवर पेन टेकवलं. "कारण लिहावं लागतं, ताई. मिस्टरांची संमती नाही असं लिहू?"

"नाही. त्यांची आहे," मी म्हणाले. "ही मुलगी मी या घरात आणणार नाही. नकार माझा आहे, माझ्या नावानं लिहा."